मोल्डिंग मशीनवर प्लास्टिक करपलं की येणारा धूर कितपत घातक? (अंबड एमआयडीसी, नाशिक)

घातक आहेच, आणि "सवय होते" म्हणणाऱ्या सुपरवायझरचं ऐकू नका. तुम्ही लिहिलंय की स्विचची बाहेरची घरं एबीएस या प्लास्टिकमध्ये काढता आणि जेवणाच्या सुट्टीनंतर पहिल्या शॉटला (साच्यात माल सोडताना) डोळे चुरचुरतात. कारण सुट्टीतच आहे. बॅरल, म्हणजे प्लास्टिक वितळवणारी नळी, तापलेलं राहतं, माल आत पडून करपतो.

आग पसरू नये म्हणून या मालात बहुतेकदा ब्रोमीनची संयुगं घातलेली असतात. एबीएस साधारण 200 ते 250 अंशांत चालतं. त्यावर गेलं की हायड्रोजन ब्रोमाइड सुटतो. ओलसर डोळ्यांत, घशात त्याचं आम्ल होतं. जोडीला एबीएसमधूनच निघणारी स्टायरीनची वाफ. माल फारच जळला तर ब्रोमीनयुक्त डायॉक्सिन व फ्युरान ही विषारी संयुगंही थोड्या प्रमाणात तयार होऊ शकतात. मोल्डच्या (साच्याच्या) कडेला गंजाचे तपकिरी ठिपके दिसतात का बघा. पोलादाला खाणारा वायू फुफ्फुसाला काय करत असेल!

सुट्टीआधी हॉपर (दाणे ओतायचं तोंड) बंद करून बॅरल रिकामं करा, तापमान उतरवा. पर्जिंगचा, म्हणजे बॅरल रिकामं करताना निघालेला, धुमसणारा गोळा उघड्यावर न टाकता पाण्याच्या बादलीत. थर्मोकपल (बॅरलचं तापमान मोजणारा भाग) तपासून घ्या, खोटं तापमान दाखवणारा बराच घोळ करतो. नोझलजवळ, म्हणजे वितळलेला माल बाहेर पडतो तिथे, धूर ओढणारा एक्झॉस्ट हवा. डोक्यावरचा पंखा धूर फक्त शेजाऱ्याकडे ढकलतो. कापडी मास्कने वायू अडत नाही.

मालकाकडे मालाची सुरक्षा माहितीपत्रिका मागा. टाळाटाळ झाली तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे तक्रार करता येते. छातीत घरघर असेल तर आधी डॉक्टर.