रिस्टार्टनंतर एकही प्रोग्रॅम उघडत नाही : फॉरमॅट मारायच्या आधी

फॉरमॅट मारू नका. निदान आत्ता तरी नको.

तुम्ही दिलेल्या माहितीवरून मला समजलं ते असं: विंडोज रिस्टार्ट केलं, डेस्कटॉप नेहमीसारखा आला, फोल्डरही उघडतायत. पण ब्राउझर, वर्ड, कॅल्क्युलेटर, कशावरही डबलक्लिक केलं की निळं चक्र क्षणभर फिरतं आणि पुढे काहीच नाही. एररचा मेसेजसुद्धा नाही. त्यावर मित्राने 'फॉरमॅट करून टाक' असा सल्ला दिला.

फोल्डर उघडतायत ही मोठीच जमेची बाजू. कॉपी-पेस्ट करायला वेगळा प्रोग्रॅम लागत नाही, तेव्हा बाकी काही करायच्या आधी बाहेरची हार्ड डिस्क किंवा पेनड्राइव्ह लावा आणि कागदपत्रं, फोटो, जे काही गमावून चालणार नाही ते काढून घ्या. पुढचं सगळं त्यानंतर.

आता रिस्टार्टबद्दल. बहुतेक वेळा रिस्टार्टवर उगाच आळ येतो. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आली. ती चालू असेल तर शट डाउन केल्यावर विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही, त्याची स्थिती डिस्कवर साठवली जाते आणि सकाळी तीच परत उचलली जाते. रिस्टार्टमध्ये मात्र सगळं खरोखर बंद होऊन नव्याने सुरू होतं. शिवाय अपडेट किंवा इन्स्टॉलरला वापरात असलेली फाइल बदलता येत नाही, म्हणून तो 'पुढच्या रिस्टार्टला बदल' अशी नोंद करून ठेवतो. म्हणजे दोन आठवड्यांपूर्वी टाकलेल्या ड्रायव्हरचा किंवा अर्धवट काढलेल्या अँटीव्हायरसचा परिणाम काल दिसू शकतो. म्हणून 'काल तर मी काहीच केलं नव्हतं' हे खरं असलं तरी त्यावरून काही ठरत नाही. गेल्या महिनाभरात काय घातलं, काय काढलं, ते आठवा.

आता कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रॅमांची यादी, उघडेल. तो एका बाजूला उघडा ठेवून ब्राउझरवर डबलक्लिक करा आणि यादीत त्याचं नाव येतं का ते बघत राहा. पुढची वाट इथेच ठरते.

नाव येऊन तिथेच राहिलं, तर प्रोग्रॅम सुरू झालाय पण खिडकी दिसत नाही किंवा तो कशाची तरी वाट बघतोय. आधी 'डिस्क'चा रकाना बघा. तिथे सतत १०० टक्के असेल, तर रिस्टार्टनंतरची अपडेटची उरलीसुरली कामं चालू असतील. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर याला चांगला अर्धा तास लागू शकतो. चहा घेऊन या. तासाभराने तीच स्थिती असेल तर मात्र डिस्कवरच संशय घ्यायचा, त्याबद्दल खाली लिहितो. सी ड्राइव्ह काठोकाठ भरलेला नाही ना, हेही इथेच पाहून घ्या.

नाव क्षणभर दिसून गायब झालं, तर प्रोग्रॅम सुरू होऊन कोसळतोय. ही त्यातल्या त्यात सोपी केस, कारण विंडोजने बहुधा त्याची नोंद ठेवलेली असते. स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून 'इव्हेंट व्ह्यूअर' उघडा, त्यात 'विंडोज लॉग्ज' आणि त्याखाली 'अ‍ॅप्लिकेशन'. लाल खुणेच्या, १००० क्रमांकाच्या नोंदी शोधा. प्रत्येकीत 'फॉल्टिंग अ‍ॅप्लिकेशन' म्हणजे कोसळलेला प्रोग्रॅम आणि 'फॉल्टिंग मॉड्यूल' म्हणजे ज्या फाइलमध्ये तो कोसळला ती, अशी दोन नावं असतात. लोक पहिलं नाव वाचून थांबतात. कामाचं असतं ते दुसरं. चार वेगवेगळ्या प्रोग्रॅमांच्या नोंदी उघडा आणि मॉड्यूलची नावं शेजारी शेजारी ठेवा. 'एनटीडीएलएल' किंवा 'कर्नलबेस' दिसलं तर त्यावरून निष्कर्ष काढू नका. त्या विंडोजच्या स्वतःच्या फाइली आहेत, मूळ बिघाड भलतीकडे असला तरी शेवटचा धक्का अनेकदा तिथेच बसतो. पण ब्राउझर, वर्ड आणि मीडिया प्लेअर, तिघांच्याही नोंदीत एकच तिऱ्हाईत डीएलएल (प्रोग्रॅमांना लागणारी सहायक फाइल) असेल, तर चोर सापडला. अँटीव्हायरस, स्क्रीन रेकॉर्डर, काही टायपिंगची सॉफ्टवेअरं आपली डीएलएल प्रत्येक प्रोग्रॅममध्ये घुसवतात. ती एक बिघडली की सगळेच पडतात. त्या फाइलच्या पत्त्यावरून, म्हणजे ती कुठल्या फोल्डरमध्ये आहे त्यावरून, मालक कोण ते कळतं.

इथे नोंदीऐवजी थेट एरर दिसला तर त्याचा कोडही लिहून घ्या. सी००००१४२ ने संपणारा कोड म्हणजे प्रोग्रॅमला लागणारी एखादी डीएलएल सुरूच होऊ शकली नाही. सी०००००७बी बहुतेक वेळा ३२ आणि ६४ बिटच्या फाइलींची सरमिसळ झाल्याचं सांगतो.

आणि टास्क मॅनेजरमध्ये नाव आलंच नाही तर? तुमच्या वर्णनावरून मला हीच शक्यता जास्त वाटते. डबलक्लिक केल्यावर विंडोज रजिस्ट्रीत, म्हणजे आपल्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, बघतं की .ईएक्सई फाइलचं (प्रोग्रॅमच्या फाइलचं) करायचं काय. ती नोंद बिघडली, आणि व्हायरस किंवा 'रजिस्ट्री क्लीनर' ती बिघडवू शकतात, की कुठलाच प्रोग्रॅम उघडत नाही. वाईट भाग असा की दुरुस्तीची साधनंसुद्धा ईएक्सईच असतात.

पण याला एक चोरवाट आहे. काळ्या कमांड प्रॉम्प्टमधून, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीतून, ईएक्सई चालवताना ही नोंद वाचली जात नाही. तेव्हा शिफ्ट दाबून ठेवून रिस्टार्टवर क्लिक करा, मग ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रिस्टार्ट, आणि यादी आली की ६ दाबा. तो कमांड प्रॉम्प्टवाला सेफ मोड, म्हणजे फक्त गरजेपुरतं सुरू होणारं विंडोज. दोन गोष्टींची तयारी आधीच ठेवा. डिस्कवर बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन) असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. आणि सेफ मोडमध्ये पिन चालला नाही तर खात्याचा पासवर्ड लागेल. यातलं जे लागू शकतं ते हाताशी नसेल तर या वाटेला लागू नका.

तिथे अ‍ॅडमिन खात्याने आत गेलात की (कमांड मी देवनागरीत लिहितोय, टाइप अर्थातच कंसातल्या इंग्रजीत करायच्या) 'असॉक .ईएक्सई' (assoc .exe) लिहून एंटर मारा. उत्तरात 'ईएक्सईफाइल' (exefile) यायला हवं. मग 'एफटाइप ईएक्सईफाइल' (ftype exefile). याच्या उत्तरात बरोबरच्या चिन्हापुढे अवतरणचिन्हांत टक्का आणि १, मग एक जागा सोडून टक्का आणि तारा, एवढंच हवं. त्याआधी एखाद्या अनोळखी प्रोग्रॅमचं नाव चिकटलेलं असेल, तर प्रत्येक डबलक्लिक आधी त्याच्याकडे जातंय. ही दोन्ही उत्तरं बरोबर आली तरी काम संपत नाही, कारण तुमच्या खात्यापुरती वेगळी नोंद असू शकते आणि तिला अग्रक्रम मिळतो. त्याच काळ्या खिडकीतून 'रेजेडिट' (regedit), म्हणजे रजिस्ट्री बघायचा प्रोग्रॅम, उघडा आणि करंट यूझर, सॉफ्टवेअर, क्लासेस असं खाली जा. तिथे '.ईएक्सई' नावाचं फोल्डर सहसा नसतंच. असेल तर आधी ते एक्स्पोर्ट करून ठेवा, मग काढा. आजूबाजूचं काही चाळू नका. हे करून सगळं उघडायला लागलं तर लगेच विंडोज डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन लावा, कारण ती नोंद आपोआप तयार होत नाही.

नोंदी ठीकच निघाल्या, तर पुन्हा तीच यादी आणून ४ दाबा, साधा सेफ मोड. तिथे सगळं उघडत असेल तर विंडोज धडधाकट आहे, बाहेरचं कोणीतरी त्रास देतंय. अशा वेळी 'एमएसकॉन्फिग'मध्ये (msconfig) सर्व्हिसेसच्या पानावर आधी मायक्रोसॉफ्टच्या सेवा लपवायची खूण करा आणि मगच उरलेल्या बंद करा. हा क्रम चुकवू नका. नंतर निम्म्या निम्म्या चालू करत गेलात की दोषी लवकर सापडतो. माझा पहिला संशय नेहमी अँटीव्हायरसवर असतो, त्यातही एकाच मशीनवर दोन असतील तर दुसरीकडे बघायची गरजच पडत नाही.

सेफ मोडमध्येही तेच रडगाणं असेल तर नवीन यूझर खातं तयार करून बघा. त्यात सगळं चालत असेल तर तुमचं प्रोफाइल बिघडलंय. फाइली नव्या खात्यात हलवणं हे जुनं दुरुस्त करत बसण्यापेक्षा कमी डोकेदुखीचं.

नव्या खात्यातही नाही? मग विंडोजच्या फाइली तपासा. आधी 'डीआयएसएम /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /रिस्टोअरहेल्थ' (dism /online /cleanup-image /restorehealth) आणि ते संपल्यावर 'एसएफसी /स्कॅननाऊ' (sfc /scannow). क्रम हाच, कारण एसएफसी ज्या साठ्यातून चांगल्या फाइली उचलतं तो साठाच डीआयएसएम दुरुस्त करतं. डीआयएसएमला इंटरनेट लागतं, त्यामुळे ते नेहमीच्या विंडोजमध्ये किंवा नेटवर्कवाल्या सेफ मोडमध्ये, म्हणजे यादीतल्या ५ मध्ये, चालवा. मध्येच टक्केवारी अडकल्यासारखी वाटते, खिडकी बंद करू नका.

हे चालवण्याआधी मात्र इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'सिस्टम'खाली 'डिस्क' या नावाच्या ७ किंवा १५३ क्रमांकाच्या नोंदी आहेत का ते बघा. ७ म्हणजे डिस्कवर खराब भाग सापडला, १५३ म्हणजे वाचणं-लिहिणं पुन्हा पुन्हा करावं लागलं. त्यांची रांग लागलेली असेल तर डीआयएसएम, चेकडिस्क सगळं बाजूला ठेवा. मरत्या डिस्कवर दुरुस्तीचं ओझं टाकलं की ती लवकर मरते. डेटा काढा, डिस्क बदला.

सिस्टम रिस्टोअरचा जुना पॉइंट (विंडोजने साठवलेली आधीची स्थिती) असेल तर तोही वापरता येईल. तुमच्या फाइलींना त्याने धक्का लागत नाही, नंतर टाकलेले प्रोग्रॅम आणि ड्रायव्हर तेवढे जातात. 'रीसेट धिस पीसी' मात्र फाइली ठेवूनही प्रोग्रॅम उडवतं, तेव्हा ते सगळ्यात शेवटी. आणि 'एका क्लिकमध्ये दुरुस्ती' म्हणणारी फुकट सॉफ्टवेअरं अजिबात उतरवू नका. कित्येकदा बिघाड तिथूनच आलेला असतो.

आता एवढं कळवा: टास्क मॅनेजरमध्ये नाव येतं का, १००० क्रमांकाच्या तीन-चार नोंदींतली मॉड्यूलची नावं, विंडोज १० की ११, आणि मशीनवर अँटीव्हायरस कुठला आहे. सगळे उपाय एकदम करू नका. एक करा, रिस्टार्ट करा, काय झालं ते लिहा.