वाशीतल्या पुनर्विकासात पाइल खडकापर्यंत जाणार असतील, तर भूकंपात माती कशी हलेल याचं मॉडेल कशाला?

तुमच्या बिल्डरचं म्हणणं असं की पाइल, म्हणजे पायाचे खोल खांब, खडकात टेकणार, मग वरच्या गाळाचं गणित हा फुकटचा खर्च. मी नवी मुंबईत माती तपासणीचंच काम करतो आणि मला हे अजिबात पटत नाही.

पाइल इमारतीचं वजन खडकावर नेतात. हादरा मात्र गाळातूनही वर येतो आणि वाटेत बदलतो. खाडीकाठचा हा काळा गाळ कुठे कुठे इतका मऊ असतो की एसपीटी (ठोके मोजून मातीचा घट्टपणा पाहण्याची चाचणी) करताना हातोड्याचा एक ठोकाही न मारता सळ्यांच्या वजनानेच नळी खाली जाते. अशा थराला स्वतःची लय, म्हणजे एका हेलकाव्याला लागणारा वेळ, असते: जाडीची चौपट भागिले शिअर वेव्हचा (मातीला आडवं हलवणाऱ्या लाटेचा) वेग. 15 मीटर गाळ आणि सेकंदाला 120 मीटर वेग धरला, तर अर्धा सेकंद. इमारतीच्या लयीचा ढोबळ हिशेब मजल्यामागे 0.1 सेकंद; दोन्ही लयी जुळल्या की हलणं वाढतं, म्हणजे फटका पाचेक मजल्यांच्या इमारतींना जास्त. गाळ 30 मीटर निघाला की तोच फटका दहा मजल्यांकडे सरकतो. 1985 साली मेक्सिको सिटीपासून भूकंपाचं केंद्र साडेतीनशे किलोमीटरहून लांब होतं, तरी जुन्या तळ्याच्या चिकणमातीवरच्या मध्यम उंचीच्या इमारती कोसळल्या.

मॉडेलमध्ये थरांचा उभा स्तंभ मांडतात आणि तळाशी खऱ्या भूकंपाची नोंद देतात, जसं की कोयनेची 1967 ची. माती जितकी जास्त ताणली जाते तितकी ती मऊ पडते आणि जास्त ऊर्जा जिरवते. म्हणून धरलेला मऊपणा आणि निघालेला ताण यांचे आकडे जुळेपर्यंत प्रोग्राम गणित पुन्हा पुन्हा करतो. 1972 च्या ‘शेक’ या प्रोग्रामपासून ही पद्धत रूढ आहे. ताण फार वाढला की ती अपुरी पडते, तिथे नॉन-लिनिअर (मातीचा बदलता मऊपणा क्षणाक्षणाला धरणारं) विश्लेषणच हवं.

खरी गफलत आत भरलेल्या आकड्यांत होते. एन-व्हॅल्यू (एसपीटीतल्या ठोक्यांची संख्या) शून्य-एक असताना तिच्यावरून काढलेला वेग म्हणजे निव्वळ अंदाज. डाउनहोल (बोअरमध्ये) किंवा एमएएसडब्ल्यू (जमिनीवरून) चाचणीने तो मोजून घ्या. गाळाला वाळूचे वक्र (ताणाबरोबर मऊपणा आणि ऊर्जा जिरणं कसं बदलतं ते दाखवणारे आलेख) लावलेले नाहीत ना, हेही विचारा. तसं केलं तर ऊर्जा जास्त जिरते असं दिसतं आणि हादरा कागदावर उगाच कमी होतो.

आता पाइलचं. गाळ आडवा सरकतो, खडक त्या मानाने जागेवर राहतो, त्यामुळे दोघांच्या सीमेवर पाइल वाकते. तिथे किती वाक येईल आणि त्या खोलीपर्यंत पुरेसं स्टील उतरवलं आहे का, हे सल्लागाराकडून लेखी घ्या.