रफू नाही हो, ठिगळ!

ताई, तुम्ही विचारलंय की सासूबाईंच्या जुन्या इरकली लुगड्यांच्या तुकड्यांची गोधडी शिवताना एक तुकडा उरला, तो लेकाच्या कापडी हत्तीच्या फाटक्या कानाला लावला, तर 'हत्ती रफू केला' म्हणायचं का. अजिबात नाही! हल्ली सुई हातात घेतली की जो तो रफूच म्हणतो, डोकं उठतं माझं. रफूत दुसरं कापड येतच नाही. रफूगर त्याच कापडाच्या आतल्या दुमडीतून धागे काढतो आणि भोकावर ताणा-बाणा पुन्हा विणत बसतो, जागा ओळखू येता कामा नये. तुमचा तुकडा वेगळा, तो दिसतोय, म्हणजे ठिगळ.

आणि काय शब्द आहे हा! गोधडी, वाकळ राहू द्या बाजूला (वाकळ हा शब्द वल्कल, म्हणजे झाडाची साल, यावरून आणतात, पण ते नंतर कधीतरी). प्राकृतात 'थिग्गल' आहे, दशवैकालिक या जैन सूत्राच्या पाचव्या अध्ययनात. भिक्षेला निघालेल्या साधूनं लोकांच्या खिडकीकडे, थिग्गलाकडे, दाराकडे टक लावून बघू नये, संशय येतो. इथे थिग्गल म्हणजे चिणून बुजवलेलं दार वगैरे! माझं ठाम मत, ठिगळ आधी भिंतीचं, मग कापडाचं, कारण बुजवलेली जागा भिंतीवर कायम वेगळी दिसते, रंग निराळा, पोत निराळा, अगदी तुमच्या हत्तीच्या कानासारखी. परंपरा तर सांगते की शय्यंभव या जैन आचार्यांनी हे सूत्र आपल्या मनक नावाच्या लहान मुलासाठी रचलं. म्हणजे बापानं पोरासाठी लिहिलेल्या सूत्रातला शब्द आज तुमच्या पोराच्या हत्तीला लागला, मला याचा फार आनंद होतो.

काही मंडळी ठिगळ संस्कृत 'स्थग्' म्हणजे झाकणे यावरून आणतात. मग 'थि'मधला इकार कुठून आला ते सांगा की! हिंदीत थिगली, गुजरातीत थीगडुं, सगळीकडे इकार आहेच. आणि झाकणं वेगळं, भोक भरणं वेगळं. शब्द संस्कृत कोशात मिळाला नाही की जवळपासचा धातू धरून चिकटवायचा, ही खोड जाता जात नाही.

तर 'हत्तीला आजीच्या लुगड्याचं ठिगळ लावलं' असं बिनधास्त म्हणा. आणि कडा आत दुमडून मग टाके घातलेत ना? जुन्या लुगड्याचे धागे लगेच सुटतात, आणि पोरं हत्तीला कानालाच धरून ओढतात.