कोलेस्टेरॉलमुळे मेम्ब्रेनची फ्लुइडिटी वाढते की कमी होते?

तुम्ही लिहिलंय की फ्लुइडिटी (मेम्ब्रेनचा प्रवाहीपणा) एका पुस्तकात "वाढते" आहे, दुसऱ्यात "कमी होते" आहे, मग परीक्षेत एका ओळीत काय लिहायचं? शिवाय खाण्यातून कोलेस्टेरॉल जास्त गेलं तर पेशींचं मेम्ब्रेन, म्हणजे आवरण, कडक होतं का, हेही विचारलंय.

एका ओळीत लिहूच नका. तापमान किती आणि शेजारी कोणतं लिपिड आहे हे सांगितल्याशिवाय या प्रश्नाला उत्तर नाही. जो एका ओळीचं उत्तर मागतो त्याने हा प्रयोग स्वतःच्या हाताने केलेला नसतो, असं माझं स्पष्ट मत आहे. मी केलाय आणि त्यावरून भांडलेही आहे, म्हणून लिहायला बसले.

पीएचडीच्या सुरुवातीला मला डीपीपीसीचे (मेम्ब्रेन ज्यांचं बनतं त्या फॉस्फोलिपिडांपैकी एक) लायपोसोम, म्हणजे पाण्यातले सूक्ष्म लिपिड-फुगे, करून त्यात कोलेस्टेरॉल मिसळल्यावर काय फरक पडतो ते मोजायचं होतं. डीपीपीसीच्या दोन्ही शेपट्या 16 कार्बनच्या, दोन्हींत एकही दुहेरी बंध नाही, त्यामुळे 41 अंश सेल्सिअसला सगळं एकदम वितळतं. त्याखाली जेल, त्यावर द्रव. क्लोरोफॉर्म उडवून फ्लास्कच्या तळाशी पातळ फिल्म धरायची, 50 अंशांचं बफर घालून हलवत राहायचं, पांढरं गढूळ झालं की सोनिकेट करायचं, म्हणजे ध्वनिलहरींनी फोडायचं. गढूळपणा हळूहळू जातो आणि उजेडात धरल्यावर द्रावणाला निळसर झाक दिसते. मग अंधारात डीपीएच हा चमकणारा प्रोब घालायचा. हा प्रोब पाण्यात जवळजवळ चमकत नाही, शेपट्यांमध्ये शिरला की चमकतो. तिथे त्याला डोलायला किती मोकळीक आहे ते ॲनिसोट्रॉपीवरून (त्याच्या प्रकाशाच्या दिशेच्या मोजमापावरून) कळतं. आकडा मोठा तर शेपट्या सरळ आणि दाटीने उभ्या, लहान तर सैल.

नुसत्या डीपीपीसीचा आलेख अपेक्षेप्रमाणे 41 ला धाडकन खाली आला. 33 मोल टक्के (दर शंभर रेणूंत 33) कोलेस्टेरॉल घातलेल्या नमुन्यात ती घसरण राहिलीच नाही, एक तिरकी रेघ उरली. दोन्ही आलेख एकाच कागदावर काढले तर ते 41 च्या आसपास एकमेकांना छेदत होते. 50 अंशांना कोलेस्टेरॉलवाल्याचा आकडा कितीतरी जास्त. 30 अंशांना मात्र कमी. फरक लहान होता, पण दरवेळी त्याच दिशेने येत होता.

माझ्या गाइडनी कागद पाहिला आणि म्हणाले, "41 च्या खालचे पॉइंट खराब आहेत, काढून टाक. कोलेस्टेरॉल मेम्ब्रेन घट्ट करतं हे सगळ्यांना माहीत आहे." मी कारण विचारलं तर म्हणे लिपिड ऑक्सिडाइझ झालं असेल. ज्याच्या शेपटीत दुहेरी बंधच नाही ते डीपीपीसी या तापमानाला कसं ऑक्सिडाइझ होणार? तरीही मी टीएलसी (लिपिड प्लेटवर वेगवेगळी करून दाखवणारी चाचणी) केली, प्लेटवर मॉलिब्डेनमचा फवारा मारला. फॉस्फोलिपिडचा निळा ठिपका जिथे हवा तिथे आला, खाली लायसोचा (एक शेपटी तुटलेल्या लिपिडचा) मागमूस नाही. प्रोबचं प्रमाण कमी करून पाहिलं. गरम करताना मोजलं, थंड करतानाही मोजलं. छेद जागचा हलला नाही. पोस्टरवर मात्र 42 च्या पुढचाच भाग छापला गेला. त्यावर माझं नाव आहे, आणि ते पोस्टर आजही मला बघवत नाही.

संताप याचा जास्त येतो की यात नवीन काहीच नव्हतं. डेनिस चॅपमन यांच्या गटाने 1968 सालीच कॅलरीमीटर लावून दाखवलं होतं की कोलेस्टेरॉल वाढवत नेलं की लेसिथिन (डीपीपीसी ज्या गटातलं ते फॉस्फोलिपिड) वितळतानाची उष्णता कमी कमी होत जाते आणि 50 मोल टक्क्यांच्या सुमारास ती दिसेनाशी होते. म्हणजे जेल आणि द्रव हा भेदच पुसला जातो. "सगळ्यांना माहीत आहे" म्हणणाऱ्यांनी हे वाचायला हवं होतं.

असं का होतं ते रेणूकडे पाहिलं की कळतं. कोलेस्टेरॉलचा हायड्रॉक्सिल गट पाण्याच्या बाजूला, फॉस्फोलिपिडच्या एस्टर गटांच्या आसपास राहतो. त्याखाली एकमेकांना जोडलेली चार कडक वलयं, आणि छोटी लवचीक शेपटी बायलेयरच्या (लिपिडच्या दुहेरी थराच्या) मध्याकडे. द्रव अवस्थेत शेपट्या वाकड्यातिकड्या होत असतात. शेजारी हे सपाट, न वाकणारं अंग आलं की त्यांचा वरचा भाग सरळ होतो, रेणू कमी जागा घेतात आणि पाणी, आयन सहज आरपार जात नाहीत. जेलमध्ये उलट घडतं. तिथे शेपट्या आधीच घट्ट रचलेल्या असतात आणि कोलेस्टेरॉल मध्ये घुसून ती रचना मोडतं. एकच रेणू, एकच आकार, परिणाम दोन.

यातून जी अवस्था तयार होते तिला इप्सन आणि सहकाऱ्यांनी 1987 मध्ये लिक्विड-ऑर्डर्ड हे नाव दिलं. शेपट्या जवळपास जेलसारख्या सरळ, पण रेणू आडवे सरकायला मोकळे. तुमच्या दोन पुस्तकांचं भांडण खरं तर इथेच मिटतं, कारण शेपट्यांची शिस्त आणि रेणूंचं सरकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डीपीएच पहिली दाखवतं. दुसरी मोजायची तर एफआरएपी करावं लागतं, म्हणजे लेझरने एक ठिपका विझवायचा आणि चमक किती वेगाने परत येते ते पाहायचं.

तेव्हा परीक्षेत लिहा: "वितळण्याच्या तापमानाच्या वर शेपट्यांची हालचाल कमी करतं, खाली ती वाढवतं." आलेख काढायला जागा असेल तर छेदणाऱ्या दोन रेघा काढाच. आणि पुढे संशोधनात गेलात, कोणी तुम्हाला अडचणीचे पॉइंट गाळायला सांगितले, तर कारण लेखी मागा. मी मागितलं नव्हतं, तुम्ही मागा.

एक गोष्ट सांगायला हवी. प्राण्यांच्या मेम्ब्रेनमध्ये दुहेरी बंधवाले लिपिड भरपूर असतात आणि 37 अंशांना ते द्रवच असतात. त्यामुळे आपल्या पेशींत कोलेस्टेरॉलचं मुख्य काम घट्ट करण्याचंच आहे. पण त्याच मेम्ब्रेनमध्ये स्फिंगोमायलिन हे आणखी एक लिपिडही असतं. पामिटिक शेपटीचं स्फिंगोमायलिन एकटं असेल तर 41 अंशांच्या आसपास वितळतं, म्हणजे शरीराच्या तापमानाला ते जेल होऊन बसलं असतं. त्याला द्रव ठेवायला कोलेस्टेरॉलच लागतं. "सगळ्यांना माहीत आहे" हे इथेही पुरत नाही.

खाण्याबद्दल थोडक्यात: पेशी कोलेस्टेरॉलची पातळी स्वतः सांभाळते. आत पुरेसं झालं की स्वतःचं बनवणं कमी करते, एलडीएल (रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून आणणारे कण) ओढून घेणारे रिसेप्टरही कमी करते. या नियंत्रणाच्या शोधासाठी ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना 1985 चं नोबेल मिळालं. त्यामुळे ताटातलं कोलेस्टेरॉल थेट मेम्ब्रेनमध्ये जाऊन बसत नाही. रक्तवाहिन्यांचा प्रश्न वेगळा आहे, तो डॉक्टरांना विचारा.