वर्तुळपाकळीचे क्षेत्रफळ: सूत्राआधी भाग ओळखावा
वर्तुळपाकळी म्हणजे दोन त्रिज्या आणि त्यांमधला कंस (परिघाचा तुकडा) यांनी वेढलेला भाग. सूत्र पाठ करण्याआधी आपण एवढे ध्यानात घ्यावे, की त्या दोन त्रिज्यांमधला केंद्रीय कोन ३६० अंशांचा जेवढा भाग असतो, वर्तुळाच्या क्षेत्रफळाचा तेवढाच भाग वर्तुळपाकळी व्यापते. त्रिज्या ६ सेंमी आणि कोन ६० अंश असल्यास पाकळी वर्तुळाचा सहावा भाग होते. पूर्ण वर्तुळाचे क्षेत्रफळ पाय (π) गुणिले त्रिज्येचा वर्ग, म्हणजे ३६ पाय; म्हणून त्याचा सहावा भाग, म्हणजे ६ पाय, अर्थात सुमारे १८.८५ चौसेंमी हे उत्तर येते. पायची किंमत शेवटीच घालावी, असा माझा आग्रह राहील. कोनाऐवजी कंसाची लांबी दिली असेल, तर तिला त्रिज्येने गुणून निम्मे करावे. वरच्या उदाहरणात कंस २ पाय सेंमी असल्याने तेच उत्तर मिळते, आणि हा पडताळा मला फार मोलाचा वाटतो. जीवेने (कंसाची दोन टोके जोडणाऱ्या रेषाखंडाने) तयार होणारा वर्तुळखंड, म्हणजे जीवा आणि कंस यांमधला भाग, मात्र निराळा असतो.