प्लेटिंगचं युनिट आणि आयएसओ १४००१

प्रश्न: भोसरी एमआयडीसीत आमचं झिंक प्लेटिंगचं छोटं युनिट आहे. कस्टमर आयएसओ १४००१ (पर्यावरण व्यवस्थापनाच्या स्टँडर्डचं सर्टिफिकेट) मागतोय. एक कन्सल्टंट म्हणतो, फायली मी बनवतो, सर्टिफिकेटही मीच देतो. घ्यावं का?

उत्तर: अजिबात नको! ज्याने कन्सल्टन्सी केली त्यानेच सर्टिफिकेट द्यायचं हे नियमातच बसत नाही, आणि आयएसओ स्वतः तर कुणालाच सर्टिफिकेट देत नाही, ते सर्टिफिकेशन बॉडी देते, तिला एनएबीसीबीसारख्या, अशा बॉडींना मान्यता देणाऱ्या संस्थेची मान्यता आहे का ते आधी बघा. फायलींचं सोडा हो, शॉपवर चक्कर मारा. ईटीपीचा, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटचा, गाळ कुठे पडलाय, पोत्यांवर लेबल आहे का, ९० दिवसांच्या वर साठलाय का, ॲसिडच्या कॅनखाली ट्रे आहे का. मग एमपीसीबीचं (महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं) कन्सेंट, म्हणजे युनिट चालवायची परवानगी, काढून एकेक अट वाचा, बऱ्याच ठिकाणी ते साहेबांच्या कपाटात कुलूपबंद असतं न् ईटीपी चालवणाऱ्या पोराला पीएच किती ठेवायचा तेही माहीत नसतं, आणि ऑडिटर नेमका त्यालाच गाठतो! ऑडिट दोन टप्प्यांत होतं, सर्टिफिकेट ३ वर्षांचं, पण सर्व्हेलन्स, म्हणजे मधली तपासणी, दरवर्षी. इंटर्नल ऑडिट, म्हणजे आपणच केलेली तपासणी, मात्र खरंच करा, मागच्या तारखा टाकलेले कागद लगेच कळतात.