वहीतले मॉर्टी आणि अकरावीचा फॉर्म

ताई, नमस्कार.

देवगडहून लिहिलेलं तुमचं पत्र मिळालं. मुलाची दहावी झाली, 84 टक्के मिळाले, गणितात सगळ्यांत जास्त. पण रात्री बारापर्यंत मोबाइलवर 'पॉकेट मॉर्टीज' चालू असतं. त्याचे बाबा म्हणतात, पॉलिटेक्निकला घाला, नाहीतर कलमांच्या बागेत येऊ दे. तो म्हणतो, मी गेम बनवणार. आणि तुम्ही विचारता, "माझो झील वाया गेलो काय?" सोबत त्याच्या वहीच्या दोन पानांचे फोटोही पाठवलेत, गणिताची वही कशी फुकट घालवली ते दाखवायला.

त्या फोटोंसाठी तुमचे आभार. पत्रापेक्षा मला ते जास्त उपयोगी पडले.

आधी या खेळाबद्दल. 'रिक अँड मॉर्टी' ही 2013 साली सुरू झालेली अमेरिकन विनोदी कार्टून मालिका. कार्टून म्हटलं तरी ती मोठ्यांसाठी आहे. शिवीगाळ आणि रक्तपात दोन्ही भरपूर. त्यावरचा हा मोबाइल गेम जानेवारी 2016 मध्ये आला. पोकेमॉनची सरळसरळ टिंगल आहे ती. मॉर्टी हा मालिकेतला मुलगा. त्याच्यासारखे वेगवेगळ्या विश्वांतले मॉर्टी हुडकायचे, दमवायचे, चिप लावून पकडायचे आणि दुसऱ्यांच्या मॉर्टींशी लढवायचे. लढाईचा पाया दगड-कागद-कात्रीचा. एकसारखे दोन मॉर्टी जोडले की वरच्या दर्जाचा एक मिळतो. गेम फुकट आहे, पण आत कूपनं विकतात, आणि कूपन टाकल्यावर यंत्रातून काय पडेल ते आधी कळत नाही. तुमच्या यूपीआयवरून गेलेले तीनशे रुपये तिकडेच गेले. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड लावा आणि रात्री दहानंतर मोबाइल तुमच्याकडे ठेवा. यावर त्याच्याशी वाद घालत बसू नका.

आता वही. त्याने रकाने आखलेत: नाव, प्रकार, एचपी (म्हणजे किती मार सोसेल), अटॅक, डिफेन्स, स्पीड. गेम संपवायला एवढं पुरे होतं. पण दुसऱ्या पानावर एका मॉर्टीभोवती लाल गोल आहे आणि बाजूला लिहिलंय, "ह्याचा स्पीड कमी करायला हवा, नाहीतर बाकीचे घेणार कोण?" खेळणारा असा विचार करत नाही. त्याला दांडगा मॉर्टी मिळाला की तो खूश. खेळ बिघडतोय, हे बनवणाऱ्याला खुपतं. स्टुडिओत या कामाला बॅलन्सिंग म्हणतात आणि ते करणाऱ्यांना पगार मिळतो.

एवढ्यावरून तो गेम डिझायनर होईल असं मी म्हणणार नाही. दोन पानं म्हणजे दोनच पानं. म्हणून गणपतीपर्यंत त्याला एक काम द्या. मोबाइल नको, जुन्या लग्नपत्रिकांचे पुठ्ठे घ्या. पोकेमॉन ज्यांच्या डोक्यातून आला ते सातोशी ताजिरी लहानपणी किडे गोळा करायचे. तुमच्याकडची पोरं पहिल्या पावसात बॅटरी घेऊन कुर्ल्या, म्हणजे खेकडे, पकडतात. तर कुर्ल्या, बांगडा, सुरमई, मुडदुशे, जे त्याला ठाऊक आहे त्याची पंधरा-वीस पत्ती बनवू दे. प्रकार तीनच. कोण कोणाला हरवतो, भरतीला कोणाचा जोर वाढतो, ते नियम त्याचे त्याने लिहायचे. मग गणपतीला मुंबईहून चुलत-मावस भावंडं आली की त्यांना खेळायला बसवायचं आणि त्याने गप्प बसून बघायचं. समजावून सांगायचं नाही, जिंकवून द्यायचं नाही. कोण कुठे कंटाळलं, कुठे भांडण झालं, ते लिहायचं आणि रात्री नियम बदलायचे. दुसऱ्या दिवशी पोरं आपणहून पत्ते मागायला आली तर मला जरूर कळवा. आणि दोन दिवसांत त्यालाच कंटाळा आला, तरी कळवा. त्यातूनही बरंच समजेल.

अकरावीचा फॉर्म मात्र गणपतीपर्यंत थांबणार नाही. माझं मत, विज्ञान शाखा, गणित घेऊन. पॉलिटेक्निक वाईट नाही, पण या मुलाला आताच एका शाखेत बांधू नये. बारावीला गणित असलं की एमएचटी-सीईटी ही राज्याची प्रवेशपरीक्षा देऊन कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला जाता येतं, आणि आयआयटीच्या बी. डिझाइन या पदवीसाठी यूसीड ही प्रवेशपरीक्षा देता येते. यूसीड जानेवारीत असते, फॉर्म आदल्या वर्षीच भरावा लागतो, पेपर इंग्रजीत असतो आणि त्यात हाताने चित्रही काढावं लागतं. गणितातला हुशार मुलगा नेमका तिथे अडतो, तेव्हा आजपासून रोज एक स्केच: बंदरातली होडी, आजीचे हात, काहीही. एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या बंगळुरू कॅम्पसमध्ये डिजिटल गेम डिझाइनचं पदव्युत्तर शिक्षण आहे, पण ते पदवीनंतरचं. आताच त्याची स्वप्नं नकोत.

बाबांना काम कुठे मिळणार याची चिंता आहे, आणि ती रास्त आहे. पुण्यात युबिसॉफ्ट या परदेशी गेम कंपनीचा स्टुडिओ 2008 पासून आहे. पुण्याच्याच नॉडिंग हेड्स कंपनीने बनवलेला 'राजी' हा गेम 2020 मध्ये जगभर विकला गेला. पण 2023 आणि 2024 मध्ये जगभरच्या गेम कंपन्यांनी हजारो माणसं कमी केली, हेही त्यांना सांगा. म्हणूनच मी आधी इंजिनिअरिंग किंवा डिझाइनची पक्की पदवी सुचवते आहे. गेमचं काम नाही मिळालं तरी ती दुसरीकडे चालते. 'गेमवर बंदी आली' असं त्यांनी ऐकलंय ते 2025 च्या कायद्याबद्दल. ती बंदी पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन गेमवर आहे.

लॅपटॉपची घाई करू नका. दुकानदार 'गेमिंग' म्हणून लाखाचा गळ्यात मारेल. गोडो नावाचं गेम बनवायचं फुकट सॉफ्टवेअर साध्या, आठ जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवरही चालतं, आणि तसा लॅपटॉपही पत्त्यांचा खेळ जमल्यावर घ्या. आंब्याचे पैसे हातात आले असतील तर आधी अकरावीची फी बाजूला काढा.